दातर्तीचा नळ, खडकवासल्याचे दरवाजे आणि आपली गच्ची

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून संपादक मंडळाने गेल्या महिन्यापासून माझ्यामागे लकडा लावला होता. सारा जन्म बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस मी, ठेवींचे व्याजदर आणि कर्जांची थकबाकी यापलीकडे मला काय लिहिता येणार, असे म्हणून पाहिले. पण मंडळ ऐकेना. शेवटी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांवर लिहायचे ठरवले. १५ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, देशभर अभियंता दिन साजरा होतो हे आपल्याला ठाऊक आहेच. मी इंजिनियर नाही. तरी त्यांच्या चरित्राकडे का वळलो, याचे कारण आपल्या बी विंगच्या गच्चीवर आहे. ते आधी सांगून टाकतो.

नव्याने राहायला आलेल्यांना माहीत नसेल, पण काही वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सचिव असताना त्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले होते. जुना कोबा उखडून नवा ब्रिकबॅट कोबा घातला, कठड्याच्या कडेने वाटा मारून घेतल्या. काम संपल्यावर गच्चीवर पाणी कोंडून ठेवायचे आणि खालच्या घरांच्या छताला ओल येते का ते पाहायचे, असे करारात स्पष्ट लिहिले होते. पण जून तोंडावर आलेला, ठेकेदाराला पुढच्या साइटवर जायची घाई आणि टँकरचे पाणी महाग. मी वर गेलो, गच्ची छान गुळगुळीत दिसली, खाली आलो आणि शेवटच्या बिलावर सही केली. बँकेत दुसरी सही असल्याशिवाय साधे व्हाउचर पुढे न सरकवणारा मी! जुलैत वरच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या देवघरावरचे प्लास्टर धाडकन खाली आले. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. त्यांनी मला शेवटपर्यंत एका शब्दाने बोल लावला नाही. आता त्या नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणे मला अजून टोचते.

त्या पावसाळ्यानंतर मी बांधकामाविषयी मिळेल ते वाचू लागलो. चूक कुणाची, ठेकेदाराची, मिस्त्रीची की माझी, हे मला समजून घ्यायचे होते. वाचता वाचता विश्वेश्वरय्यांपाशी पोचलो आणि तिथेच रेंगाळलो.

त्यांचा जन्म मुद्देनहळ्ळी या तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या खेड्यातला. वडील संस्कृतचे पंडित, घरात विद्या भरपूर आणि पैसा बेताचा. मुलगा लहान असतानाच वडील गेले. पुढे बंगळूरला मामाच्या आधाराने आणि दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून त्याने सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. केले. एवढ्या शिक्षणावर त्या काळी बरी नोकरी सहज मिळाली असती. पण म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि हा तरुण इंजिनियर व्हायला आपल्या पुण्यात आला.

पुण्यातच का, हे थोडे सांगायला हवे. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो त्या कॉलेजची सुरुवात १८५४ साली एका छोट्या वर्गाने झाली होती. रस्ते, पूल, कालवे, सरकारी इमारती यांची कामे निघत होती, पण जागेवर उभे राहून ती नीट करून घेणारी माणसे मिळत नव्हती. साहेब नकाशा काढी, गवंडी भिंत रची, आणि या दोघांच्या मधला शिकलेला माणूसच नव्हता. असा मधला माणूस तयार करण्यासाठी तो वर्ग निघाला. पुढे त्याचे कॉलेज झाले, मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, आणि विश्वेश्वरय्या आले तेव्हा त्याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत ते पहिले आले आणि जेम्स बर्कले यांच्या नावाचे बक्षीस त्यांनी पटकावले. बर्कले म्हणजे बोरघाटातून रेल्वे वर नेणारे इंजिनियर. पहिल्या येणाऱ्याला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी ठरलेली असे. १८८४ साली विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले.

आणि लगेच त्यांची खरी शाळा सुरू झाली.

त्यांना खानदेशात पाठवण्यात आले. धुळ्यापासून काही कोसांवर दातर्ती गावापाशी एका ओढ्यातून पाणी पलीकडे न्यायचे होते. पूल न बांधता ओढ्याच्या तळाखालून नळ टाकून पाणी एका बाजूने उतरवायचे आणि दुसऱ्या बाजूने वर काढायचे. याला सायफन म्हणतात. कागदावर हे सोपे असते. पण पावसाळा लागला, ओढ्याला पूर येऊ लागले आणि दिवसभर खणलेला चर रात्रीतून वाळूने भरून जाऊ लागला. तेविशीच्या आसपासचा हा इंजिनियर वैतागला. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्याने वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते पटले नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. मग मात्र विश्वेश्वरय्यांनी हट्टाने काम हातात धरले आणि त्या पावसातच पुरे केले. त्याच वरिष्ठांनी नंतर त्यांची तारीफ केली.

मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की कॉलेजात पहिला आलेला मुलगाही साइटवर पहिल्यांदा चुकतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरी अशी, की त्याचे काम पाहणारा, त्याला टोकणारा कोणीतरी वर होता. आमच्याही बँकेत नवा प्रोबेशनर आला की त्याला आधी कॅशमध्ये बसवत. पहिल्या आठवड्यात नोटा कमी भरल्याशिवाय तो शिकत नाही. पण संध्याकाळी कॅश मोजून घेणारा हेड कॅशियर लागतोच. आपल्या गच्चीच्या कामात तो हेड कॅशियर मी होतो, आणि मी न मोजताच तिजोरी बंद केली.

पुढची चोवीसेक वर्षे विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात काढली आणि त्यातली बरीच पुण्यात. न्यायमूर्ती रानडे, गोखले यांच्याशी त्यांचा परिचय इथलाच. पण ते बसून राहणारे गृहस्थ नव्हते. १८९४-९५ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले. सिंधू नदी दाराशी, पण पाणी गढूळ, आणि गाळण्या बांधायला नगरपालिकेकडे पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्याच पात्रात काठाजवळ विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपून आलेले पाणी आपोआप स्वच्छ होऊन विहिरीत येई, आणि ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले जाई. नदीच्या वाळूलाच त्यांनी कामाला लावले. पैसा नाही म्हणून काम कच्चे करायचे, हा मार्ग त्यांनी घेतला नाही. पैसा नाही म्हणून जास्त विचार केला. सोसायटीच्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडावरून जेव्हा आपली भांडणे होतात, तेव्हा मला हमखास सक्करची विहीर आठवते.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. आपण सिंहगड रस्त्यावर राहतो, नळाला खडकवासल्याचे पाणी येते. ते जुने दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. जलाशयाला कर्नल फाइफ यांचे नाव होते. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई होई. धरणाची भिंत उंच करणे धोक्याचे होते, कारण वाढलेले वजन आणि पाण्याचा दाब पेलण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आठ फूट उंचीचे स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत साठायचे. त्यावर चढू लागले की वजनांचा तोल बदलून दरवाजे आपले आपण उघडायचे, आणि पूर ओसरला की आपले आपण मिटायचे. भिंतीवर एक दगड न चढवता साठा वाढला. पुढे असेच दरवाजे ग्वाल्हेरजवळ तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसले. या कल्पनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते. पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाचा मोबदला पगारातून मिळाला आहे, असे मानून त्यांनी त्यावर पैसा घेतला नाही.

या दरवाजांचा मी पुष्कळ विचार केला. ते बसवताना त्यांनी गृहीत धरले होते की मध्यरात्री पूर येईल, चौकीदार झोपलेला असेल, वर कळवायला उशीर होईल. माणूस चुकणारच असे धरून त्यांनी रचना केली. बांधकामाचे नियम, ज्याला आपण कोड म्हणतो, ते तरी दुसरे काय आहेत? आपल्या देशाची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम निघाली. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक सांगते की साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटचे किमान दहा दिवस ओले ठेवा. कुणीतरी कुठेतरी तीन दिवसांत पाणी मारणे थांबवले, काँक्रीट कच्चे राहिले, त्यातून पाणी आत शिरले, सळई गंजून फुगली आणि वरचे काँक्रीट फुटून पडले. अशा असंख्य चुका पाहून ते आकडे आले. फरक एवढाच, की खडकवासल्याचा दरवाजा आपोआप उघडायचा. संहिता आपोआप उघडत नाही. ती वाचलेला आणि पटलेला माणूस साइटवर असावा लागतो. नळी हातात धरलेल्या बिगाऱ्याला सात दिवस कशासाठी हे कुणी सांगितलेच नसेल, तर चौथ्या दिवशी तो दुसऱ्या कामाला लागणार. त्याला दोष कसा द्यायचा?

१९०८ साली विश्वेश्वरय्यांनी इंग्रज सरकारची नोकरी सोडली. कर्तबगारी कितीही असली तरी हिंदी माणसाला मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत जाऊ देत नसत, हे त्यांना दिसत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबादची दैना केली आणि निजाम सरकारने त्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय बांधावेत अशी योजना त्यांनी दिली. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले ते त्यातूनच. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. एवढे मोठे धरण त्यांनी सिमेंटवर विसंबून बांधले नाही. भाजलेल्या विटांची पूड आणि चुना, म्हणजे आपल्या आजोबांच्या वाड्यातली सुरखी, हीच तिथे वापरली. वाड्याच्या भिंतीतले ज्ञान त्यांनी टाकून दिले नाही, पारखून घेतले.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. दिवाणगिरीत धरण, कारखाने, बँक असे बरेच काही झाले. (म्हैसूर बँकेची १९१३ ची स्थापना त्यांच्याच काळातली, हे एक बँकवाला म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.) पण मला त्यातले सगळ्यात मोलाचे वाटते ते शिक्षण. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि १९१७ साली बंगळूरला इंजिनियरिंग कॉलेज. ज्याला इंजिनियर होण्यासाठी मुलूख सोडून पुण्याला यावे लागले होते, त्याने पुढच्या मुलांना घराजवळ शाळा दिली. नंतर १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचेही अध्यक्ष तेच होते. त्यापुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचे काम पाहिले, त्याबद्दलचे मानधन स्वतः न घेता बंगळूरला कारागिरीचे धंदेशिक्षण देणारी संस्था उभी करायला लावले. आज तिथे पॉलिटेक्निक आहे. म्हणजे वर इंजिनियर आणि खाली हातात थापी धरणारा, दोघांनाही शिकवायला हवे, हे त्यांनी पैसे घालून दाखवले.

इथे एक गोष्ट लपवणे मला बरे वाटत नाही. दिवाणपद त्यांनी सोडले ते सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांना जागा राखून ठेवण्याच्या प्रश्नावरून. महाराजांनी त्यासाठी समिती नेमली, विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हते. गुणवत्ता घसरेल असे त्यांना वाटे. एवढ्या मोठ्या माणसाशी माझ्यासारख्याने मतभेद काय दाखवावा, पण मला महाराजांचे पटते. पिढ्यान्‌पिढ्या भिंती रचणाऱ्यांच्या मुलांना वर्गाचे दार उघडले नाही, तर १८५४ साली ज्या मधल्या माणसाची वाण होती ती कायमच राहणार. विश्वेश्वरय्यांच्या स्वतःच्या शाळांनी ते दार पुढे उघडले, हे मात्र खरे.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६० साली शंभरीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले आणि ते पाहायला ते स्वतः हयात होते. शेवटपर्यंत पोशाख टापटिपीचा, डोक्याला म्हैसुरी फेटा आणि वेळेचा काटेकोरपणा असा की घड्याळाने लाजावे. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला ते गेले.

त्याआधी नऊच महिने पुण्यात जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १२ जुलै १९६१. मी तेव्हा दहा वर्षांचा, आम्ही नारायण पेठेत राहत होतो. पानशेतचे मातीचे धरण अजून पुरे व्हायचे होते, पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अर्धवट होते, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठवले गेले. जवानांनी रात्रभर पोती रचली, पण सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही फुटले. वडिलांनी मला खांद्यावर घेतले आणि आईने ट्रंकेतली कागदपत्रे तेवढी छातीशी धरली. आम्ही वरच्या पेठेत पळालो. मागे वळून पाहिले तेव्हा लकडी पूल दिसत नव्हता, नुसते तांबडे पाणी होते. परत आलो तेव्हा घराच्या जागी चिखल होता. पुढे कित्येक दिवस वाड्यावाड्यांतल्या जुन्या आडांचे पाणी प्यायलो.

लहानपणी मला वाटे, धरण पावसाने फुटले. मोठेपणी कळले की अर्धे काम पुरे झाल्यासारखे वापरले, म्हणून फुटले. आणि म्हातारपणी बी विंगच्या देवघरात पडलेले प्लास्टर पाहताना लक्षात आले की मीही तेच केले होते, लहान मापात.

मंडळी, आपली इमारत यंदा पंचवीस वर्षांची झाली. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. आपले राहून गेले आहे. येत्या सभेत तो विषय येईल, त्यापाठोपाठ बाहेरच्या प्लास्टरचे आणि गच्चीचे काम निघेल. माझे म्हणणे इतकेच आहे: रंगाची छटा ठरवायला तीन सभा घेऊ नका. ठेकेदारापासून वेगळा, स्वतंत्र इंजिनियर देखरेखीला नेमा आणि त्याची फी जड वाटून घेऊ नका. आपल्यातली जी दोन-चार मुले इंजिनियरिंगला आहेत, त्यांनी सुट्टीत वर जाऊन रोज काय झाले ते वहीत लिहावे. त्यांना कॉलेजात न मिळणारे शिक्षण फुकट मिळेल. कामावरच्या मिस्त्रीला चहा द्या आणि त्याला विचारा, तोही पुष्कळ सांगेल. आणि काम संपले की गच्चीवर पाणी कोंडा.

ते पाणी आठ दिवस असो नाहीतर दोन, मी रोज सकाळी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन छताकडे बघणार आहे. माझे गुडघे दुखतात, लिफ्ट वारंवार बंद असते, तरी जाणार आहे. छत कोरडे दिसेपर्यंत त्या बिलावर मात्र कुणीही सही करू नये, एवढी या माजी सचिवाची विनंती.